एका शब्दाचा संसार

लखनौच्या हिंदी टाइपरायटरवर ‘ळ’ नव्हता. म्हणून त्या आठवड्यात आलमबागच्या मिशन ऑफिसात जेवढे ‘ळ’ लागले, तेवढे सगळे पद्मिनीबाई उजागरे यांनी हाताने काढले.

टाइप करायला बसत ते स्वतः मसीहसाहेब, ऑफिसचे प्रमुख. त्यांना मराठीचं एक अक्षर समजत नसे, पण दोन बोटांनी ते समोरचा कागद पाहून इमानेइतबारे मारत. ‘ळ’ आला की तेवढी जागा मोकळी सोडायची आणि पुढे जायचं, असं ठरलं होतं. मग पद्मिनीबाई पदर खोचून, लोखंडी टोकाची लेखणी घेऊन सायक्लोस्टाइलच्या निळ्या स्टेन्सिलवर एकेक ‘ळ’ कोरायला बसत. जोर जास्त झाला तर कागद फाटे, कमी झाला तर अक्षर उमटत नसे.

“अहो, जरा ‘ळ’ नसलेले शब्द वापरा की,” त्या नवऱ्याला म्हणत. “मंडळी, काळजी, सकाळ, फळ! आणि या पानावर ‘तळमळ’ पाच वेळा आलीय. तिला दोन-दोन लागतात.”

“पापी माणसाची तळमळ आहे ती,” विनयराव कागदावरून मान वर न करता म्हणत.

“इथे माझी होतेय, त्याचं काय?”

साल होतं एकोणीसशे ब्याऐंशी, महिना जूनचा. बाहेर लू, म्हणजे तिकडचा तापलेला वारा, असली भाजत होती की रिक्षावालेसुद्धा तोंडाला गमछा बांधून झाडाखाली आडवे झालेले. आणि येत्या रविवारी माणिक आणि हेमा कसोटे हे तरुण जोडपं मुंबईची गाडी धरून तिथून विमानाने मॉरिशसला निघणार होतं. तिथल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत मराठी बोलणारी काही घरं होती. कोकणातून पणजोबा-खापरपणजोबा ऊस तोडायला गेले, त्यांची ही लेकरंबाळं. त्यांच्यासाठी मराठीतून काहीतरी पाठवा, असा निरोप आला होता. मसीहसाहेबांनी हिंदीत लिहिलेले धडे मराठीत करायचे, त्यांची पुस्तिका काढायची, आणि सोबत एक कॅसेट. कॅसेटच्या पहिल्या बाजूला विनयरावांनी धडे वाचायचे. दुसरी बाजू पद्मिनीबाईंची. त्या बाजूला कीर्तन.

ही दुसरी बाजू मिळाली त्या दिवसापासून पद्मिनीबाईंचे पाय जमिनीला नीट लागत नव्हते.

त्यांचे वडील नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती कीर्तनकार. चिपळ्या घेऊन गावोगावच्या मंडळ्यांत उभे राहायचे आणि तासन् तास येशूचं चरित्र गाऊन सांगायचे. पद्मिनी लहानपणापासून त्यांच्या मागे धरायला. लग्न झालं, विनयरावांना लखनौला वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेत नोकरी लागली, आणि चिपळ्या ट्रंकेतून इथे आल्या. इथल्या उपासनेत त्या कधीमधी कीर्तन करत. लोक प्रेमाने ऐकत, मान डोलावत, शेवटी म्हणत, “बहुत मीठा गाया, भाभीजी!” पण जिथे हसायचं तिथे कुणी हसत नसे आणि जिथे डोळ्यांत पाणी यायचं तिथे सगळे हसून पाहत असत. शहराबाहेर बख्शी का तालाबला हवाई दलातली काही मराठी कुटुंबं होती. महिन्यातून एकदा तिथे बैठक होई. पण जरा कुठे मागे धरणाऱ्या बायका तयार झाल्या की बदलीचा हुकूम येई आणि पुन्हा पहिल्यापासून.

कीर्तन हे समजणाऱ्यासमोर करायचं असतं. नाहीतर ते नुसतं गाणं. आणि आता समुद्रापलीकडे कुणीतरी बसून ते शब्दाला शब्द समजून ऐकणार होतं. पद्मिनीबाई रोज पहाटे कणीक मळताना प्रार्थना करत, “प्रभू, एवढी एक बाजू तुझ्या नावानं नीट भरू दे.”

आता विनयरावांविषयी. ते राहुरीच्या शाळामास्तरांचे चिरंजीव, आणि आपलं मराठी धुतल्या तांदळासारखं आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. मुलाबाळांनी घरात हिंदी शब्द वापरला की टोकत. स्वतः मात्र सकाळी म्हणत, “पद्मिनी, आज सब्जी कोणती? आणि हां, दूधवाल्या भैयाला हिसाब दिलास का?” वीस वर्षांत लखनौ जिभेवर कधी येऊन बसलं ते त्यांना कळलंच नव्हतं.

मंगळवारी पहिलं विघ्न आलं. तपासायला बसली होती हेमा. गोल चेहऱ्याची, हसरी, शेवगावची पोर. वाचता वाचता तिने तोंडावर हात दाबला.

“काका, हे काय? ‘डोंगरावर बसून प्रभूने शिष्यांना प्रेमाने शिक्षा दिली.’”

“मग? दिलीच की.”

“कशाबद्दल? काय केलं होतं हो बिचाऱ्यांनी?”

विनयरावांचे कान लाल झाले. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिकवण आणि मराठीतली शिक्षा म्हणजे छडी. पुढच्याच ओळीत ‘आपणही देवाला प्रसन्न करण्याची चेष्टा करतो’ असं निघालं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत देवाची चेष्टा केली तर काय होईल, ते हेमाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माणिक बाजूला तबला लावत होता, तो हातोडी टाकून हसायला लागला.

“लखनौचं मराठी म्हणजे हिंदीला नऊवारी नेसवलेली आहे,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “निऱ्या सुटल्या की पायजमा दिसतो.”

विनयरावांनी रागारागाने सगळे कागद गोळा केले, घरी नेले, आणि बुधवारी आणून हेमापुढे ठेवले. “घे. चाळणीतून काढलंय. आता एक खडा सापडला तर नाव सांगणार नाही.”

आणि खरंच, हसू येईल असं त्यात काही उरलं नव्हतं.

त्याच दिवशी शेवटच्या धड्याचं स्टेन्सिल ‘ळ’ काढायला पद्मिनीबाईंच्या हाती आलं. त्यात पहिलंच वाक्य होतं, ‘देवाने संसारावर प्रीती केली.’

पद्मिनीबाईंची लेखणी थांबली. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. संसारावर! इतकी वर्षं आपण देवाला आकाशात शोधतो, देवळात शोधतो, आणि तो म्हणतो, मला तुमचा संसार आवडतो. तुमची भांडी, तुमचा स्टो, तुमची गळकी तोटी, तुमची नवराबायकोची कुरबुर. यावर माझी प्रीती. हेच गायचं, त्यांनी ठरवलं. पोळ्या लाटताना चाल सुचली आणि भात शिजेपर्यंत पद तयार झालं.

घर माझे दोन खोल्यांचे, दारी आला प्रभुराया,
फडके हाती घेउनि म्हणे, भांडी दे गं पुसाया!

शिष्यांचे पाय धुणारा तो, त्याला भांड्यांची कसली लाज? पुढे कडव्यामागून कडवी आली. प्रभू पाटावर बसतो, आमटीत मीठ कमी पडलेलं असतं, तो काही बोलत नाही, पुन्हा वाढून घेतो. वडील असते तर म्हणाले असते, पोरी, हे तुझं स्वतःचं झालं.

गुरुवारी दुपारी ऑफिसात तालीम झाली. विनयराव पेटीवर, माणिक तबल्यावर, हेमा मागे धरायला. पद्मिनीबाई चिपळ्या घेऊन उभ्या राहिल्या आणि असा रंग भरला की हेमाचं मागे धरायचंच राहून गेलं. ती डोळे पुसत बसली.

मसीहसाहेब दाराशी उभे होते. नेहमीप्रमाणे मान डोलवत होते. पण या वेळी त्यांच्या कपाळावर एक बारीकशी आठी होती. गाणं संपल्यावर ते दोन पावलं पुढे आले.

“भाभीजी, गुस्ताख़ी माफ़। ये बीच-बीच में आप ‘भांडी-भांडी’ क्या फ़रमा रही थीं?”

“भांडी याने बर्तन, साहेब. प्रभु बर्तन पोंछते हैं. आपके आख़री पाठ पर बनाया है.”

“मेरे पाठ पर?” मसीहसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मगर भाभीजी, हमने तो बर्तन का कोई ज़िक्र किया ही नहीं!”

हेमाने मूळ हिंदी कागद ओढला. तिथे लिहिलं होतं, परमेश्वराने संसारावर प्रेम केलं. म्हणजे जगावर. साऱ्या दुनियेवर.

मंगळवारचे चुकलेले शब्द हसू आल्यामुळे पकडले गेले होते. हा एक निसटला, कारण तो चुकून इतका गोड अर्थ घेऊन बसला होता की कुणाला संशयच आला नाही.

विनयरावांनी पेटीचा भाता मिटला. “मी चूक बुजवायचं लाल औषध लावून ‘जग’ करतो,” ते म्हणाले. “स्टेन्सिल वाचेल.”

“स्टेन्सिल वाचेल,” पद्मिनीबाई म्हणाल्या आणि चिपळ्या पिशवीत टाकल्या.

घरी पोचल्यावर दारात चप्पल काढताना विनयराव म्हणाले, “अगं, पद तर सुंदर आहे. तसंच म्हण की. कुणाला कळणार आहे?”

“देवाला कळेल,” त्या म्हणाल्या. “जे त्यानं म्हटलंच नाही ते त्याच्या तोंडी घालू? बाबा म्हणायचे, चाल चुकली तर चालेल, वचन चुकता कामा नये. आणि तिकडची माणसं काय म्हणतील? बाई एवढ्या लांबून गायली, ते चुकीचंच गायली.”

“मग जुनं एखादं घे. वडिलांचं.”

“घेईन,” त्या म्हणाल्या. पण आवाजात जीव नव्हता, आणि विनयरावांना ते ऐकू आलं. त्या रात्री त्यांनी दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा ‘पानी’ म्हणाले. पद्मिनीबाईंनी टोकलं नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी दारापुढे सायकल रिक्षा थांबली. मसीहसाहेब उतरले, मागोमाग दसहरी आंब्यांची टोपली. मलिहाबादच्या एका बागवानाने त्यांना पाठवली होती, आणि त्यांनी ती न उघडताच इकडे आणली होती.

“भाभीजी, कल से नींद नहीं आई। हमारी एक बेवकूफ़ी की बात से आपका गाना रुक गया।”

“तुमची कसली चूक, साहेब! आप बैठिए.” पद्मिनीबाईंनी आंबे पाण्यात टाकले. मसीहसाहेब वेताच्या मोढ्यावर टेकले. लखनौचा माणूस, आंबा पुढे आल्यावर आधी ‘नहीं-नहीं, आप लीजिए’ असं तीनदा झालं, मग एकदाचा तो चोखला गेला.

“अच्छा, ये बताइए,” मसीहसाहेब बोटं पुसत म्हणाले, “आपकी ज़बान में संसार के मानी क्या हैं? दुनिया नहीं, तो फिर क्या?”

पद्मिनीबाईंना हिंदीत नेमका शब्द सापडेना. त्या बोटांवर मोजत सांगू लागल्या. “संसार माने… चूल्हा. बर्तन. मियाँ-बीवी. उनका झगड़ा. फिर सुलह. बच्चों की फीस, सास की दवाई. मेहमान आ गये तो दाल में पानी. किसी की शादी, किसी की मैयत. रोना, हँसना, यही सब. जो एक घर में होता है, वो संसार.”

मसीहसाहेब ऐकत राहिले. कोय हातातच होती. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “तो भाभीजी, इसके अलावा दुनिया में और है क्या?”

पद्मिनीबाईंनी आंब्याची बादली बाजूला सारली, हात धुतले आणि आतल्या खोलीत गेल्या. मसीहसाहेब घाबरले. “डॉक्टर साहब, हमने फिर कुछ ग़लत कह दिया?”

“नाही,” विनयराव कान देत म्हणाले. “शश्श. सुनिए.”

आतून चिपळ्यांचा बारीक आवाज येत होता.

तासाभराने त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. “सापडलं,” त्या म्हणाल्या. “वचन ‘जग’ असंच सांगायचं. अगदी ठणकावून. मग सांगायचं की लखनौत जगाला संसार म्हणतात, आणि आम्ही मराठी माणसांनी ते ऐकून काय गोंधळ घातला. मग विचारायचं, सगळं जग कुणी पाहिलंय? आपण पाहतो तो एकेक संसार. तेच जोडून जग होतं. मग भांडी येऊ देत, मीठ येऊ दे. वचनाला धक्का नाही आणि पदही जात नाही.” मग त्या थोड्या अडखळल्या. “पण एक आहे. चूक झाली, ती चूक म्हणून सांगावी लागेल. नाहीतर लोकांना वाटेल शास्त्रातच तसं आहे.”

“मग सांग.”

“अहो, चूक तुमची आहे. आणि कॅसेटवर भाषांतरकार म्हणून नाव तुमचं. पहिल्या बाजूला तुम्ही एवढे रुबाबात वाचणार, आणि उलटली की मी…” 

विनयराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. राहुरीच्या शाळामास्तरांचा मुलगा. साऱ्या मॉरिशसभर आपलं हसं होणार, आणि तेसुद्धा मराठीवरून. ते बराच वेळ बाहेरच्या गुलमोहोराकडे असे बघत राहिले, जणू त्याचं शास्त्रीय नाव आठवत नव्हतं.

“‘आमचे यजमान’ वगैरे मोघम म्हणणार होतीस?” त्यांनी पाठमोरंच विचारलं.

“तसंच म्हणते. नाव नाही घेत.”

“मुळीच नाही.” ते वळले. “नाव घेऊन सांग. डॉक्टर विनय उजागरे. मोघम सांगितलंस तर कुणाला वाटेल चूक मसीहसाहेबांची.”

पद्मिनीबाई हसल्या. आदल्या दुपारनंतर पहिल्यांदाच. मसीहसाहेबांना काय चाललंय ते कळलं नाही, पण त्या हसताहेत हे पाहून त्यांनी बिनसंकोच दुसरा आंबा उचलला.

शनिवारी सकाळी रेकॉर्डिंग. ऊन चढायच्या आत, कारण पंखा बंद ठेवायचा होता. खिडक्यांवर आवाज अडवायला हिवाळ्यातल्या रजया टांगल्या. टेपरेकॉर्डरला बॅटऱ्या घातल्या, विजेचा भरवसा कुणी धरावा! पहिली बाजू सुरळीत झाली. विनयरावांनी घसा खाकरून, शुद्ध, स्वच्छ, एकाही उर्दू नुक्त्याशिवाय धडे वाचले. दुसरी बाजू सुरू केली आणि नमनातच गल्लीत “कद्दू ले लो, तोरई ले लो!” अशी आरोळी आली. मसीहसाहेब पळत बाहेर गेले आणि भाजीवाल्याची गाडीच्या गाडी विकत घेतल्यासारखं करून त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवून आले.

मग पद्मिनीबाईंनी डोळे मिटले, प्रार्थना केली, आणि चिपळ्या वाजल्या.

“शास्त्र सांगतं, देवानं जगावर प्रीती केली. कशावर? जगावर! पक्कं ध्यानात ठेवा मंडळी, कारण आता गोंधळ होणार आहे. आम्ही राहतो लखनौला. इथले लोक जगाला संसार म्हणतात. आणि आमच्या घरी डॉक्टर विनय उजागरे नावाचे एक गृहस्थ राहतात. त्यांचं मराठी फार म्हणजे फार शुद्ध…”

इथे पेटी वाजायला हवी होती. ती वाजली नाही. विनयराव तोंडात रुमाल कोंबून बसले होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. माणिकने प्रसंग ओळखून तबल्यावर एक लहानसा तुकडा मारून जागा भरली. पेटी आली ती दोन मात्रा उशिरा, पण आली ती अशी खुशीत की बाईंचा सूर आपोआप वर चढला.

जग जग म्हणती, केवढे मोठे, कुणी पाहिले सारे?
तुकडा तुकडा संसार जोडुनि शिवली गोधडी बा रे!

त्यानंतर भांडी आली, मीठ आलं, कुरबूर आली, मयत आली. जिथे हसायचं तिथे हेमा हसली, जिथे रडायचं तिथे माणिकचा तबलासुद्धा हळू झाला. आणि पद्मिनीबाई अशा रंगल्या की घड्याळाकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. शेवटचं निरोपाचं पद सुरू झालं, पहिली ओळ झाली, आणि टेपरेकॉर्डरचं बटण खटकन वर आलं. पट्टी संपली होती.

“अरे देवा!” पद्मिनीबाई मटकन खाली बसल्या. “प्रभूला घरात घेतला आणि निरोप द्यायच्या आधीच दार लावलं!”

“पुन्हा करू या का?” विनयराव म्हणाले.

“असं पुन्हा होत नाही, काका,” हेमा म्हणाली. तिने कॅसेट काढून हातात धरली. “हे असंच जाऊ दे. शेवटचं पद मी म्हणेन. तिथे, सगळ्यांसमोर उभी राहून. कॅसेट थांबली की मी सुरू.”

“तू?” पद्मिनीबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. हेमाचा आवाज बरा होता, ताल मात्र स्वतंत्र बाण्याचा. मग त्यांनी आपल्या हातातल्या चिपळ्या तिच्या हातात ठेवल्या. “ऊठ. पाय असा ठेव. ‘निघता निघता’वर सम आहे. म्हण.”

शनिवारची दुपार त्यात गेली. संध्याकाळही गेली. मसीहसाहेबांनी पुस्तिका बांधल्या, माणिकने ट्रंका बांधल्या, आणि रविवारच्या उपासनेनंतर सगळी वरात चारबाग स्टेशनला पोचली. विनयराव हमालाशी हुज्जत घालत होते, हेमा डब्यात खिडकीशी बसली होती, आणि पद्मिनीबाई फलाटावर उभ्या राहून खिडकीच्या गजावर ताल धरत होत्या.

“निघता निघता प्रभु म्हणे गे…”

“घाई करू नकोस! तो पाहुणा आहे, त्याला काही गाडी पकडायची नाही!”

“पण मला पकडायचीय, काकू!” डबा हसला. समोरच्या बाकावरच्या कानपूरच्या शेठाणीने गाडी सुटायच्या आधीच पुरीभाजी उघडली होती, तीही हात थांबवून ऐकू लागली.

शिट्टी झाली. गाडी हलली. पद्मिनीबाई खिडकीबरोबर चालू लागल्या.

“ठेव दार तू उघडे!” हेमा म्हणाली आणि पुन्हा अर्धी मात्रा आधी आली.

“‘उघडे’ला ओढ, पोरी! ओढ! दार एकदम उघडत नाही!”

“उघ… डे!”

“हां! आत्ता बरोबर!” पद्मिनीबाई आता जवळजवळ पळत होत्या, पदर वाऱ्यावर, आणि मागून विनयराव “पद्मिनी, अगं, प्लॅटफॉर्म ख़त्म होतोय!” असं ओरडत येत होते. खिडक्यांमागून खिडक्या सरकत गेल्या. आत कुणीतरी टाळी धरली होती. गाडीच्या खडखडाटातून हेमाचा आवाज अजून ऐकू येत होता, आणि या वेळी, देवाची कृपा, तो समेवर होता.